ड्यूकर आणि पाकट यांचा तुलना-तक्ता: घेण्याआधी काय तपासावं

आफ्रिकेच्या जंगलातला निळा ड्यूकर (हरणासारखा छोटा प्राणी) आणि प्रवाळखडकांत राहणारा निळ्या ठिपक्यांचा पाकट (टेनिउरा लिम्मा हा चपटा मासा) यांना शेजारी बसवणारे तयार भित्तितक्ते दिसायला सुरेख असतात, पण बरेचसे 'आकार' या पहिल्याच रकान्यात फसतात. दोघांपुढे साधारण ३५ सेंमी छापलेलं असतं आणि मुलं दोघांना एकाच मापाचे समजतात. ड्यूकरचे ३५ सेंमी म्हणजे खुरापासून खांद्यापर्यंतची उंची. पाकटाचे ३५ म्हणजे एका पराच्या टोकापासून दुसऱ्या पराच्या टोकापर्यंतची जास्तीत जास्त रुंदी; शेपटीसकट तोच पाकट ८० सेंमीपर्यंत भरतो. माप कुठून कुठे घेतलं ते बाणाने दाखवलेलं नसेल, तर तक्ता घेऊ नये.

शिंगांचा रकानाही नीट वाचावा. ड्यूकर गाई-शेळ्यांच्या कुळातला आहे. सांबर-चितळांसारखी त्याची शिंगं दरवर्षी गळत नाहीत; हाडाच्या गाभ्यावर टणक आवरण असलेली ती जन्मभर राहतात. अनेक माद्यांना मात्र शिंगं नसतातच.

पाकटापुढे 'शेपटीत विष' एवढंच लिहिलेलं पुरत नाही. विष असतं ते शेपटीवरच्या काट्याच्या खाचांमधल्या ऊतींत. काट्याचे दाते उलटे असल्याने तो उपसताना जखम आणखी फाटते. छाती, पोट किंवा मानेत रुतलेला काटा घरी काढू नये, थेट रुग्णालय गाठावं. हातापायाला लागलं, तर सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवल्यास वेदना कमी होतात. एवढी माहिती देणारा तक्ता जरूर घ्यावा.

खरी गंमत पुनरुत्पादनाच्या रकान्यात आहे. मासा म्हणून पाकटापुढे 'अंडी घालतो' छापलं जातं, ते साफ चूक. अंडी मादीच्या पोटातच फुटतात. पिल्लं आधी बलकावर आणि मग गर्भाशयात पाझरणाऱ्या पौष्टिक द्रवावर वाढतात, आणि एका वेळी सातपर्यंत जन्मतात. ड्यूकरला एका वेळी एकच पिल्लू होतं.

चित्रही बघून घ्यावं. 'ड्यूकर' या डच शब्दाचा अर्थ सूर मारणारा: घाबरला की तो झुडपांत सूर मारतो. हा पाकट मात्र वाळूत क्वचितच पुरून घेतो. तो प्रवाळाच्या कपारीत शिरतो आणि पुष्कळदा त्याची निळ्या पट्ट्यांची शेपटी तेवढी बाहेर दिसते. चित्रात तो वाळूत गाडलेला असेल, तर चित्रकाराने दुसराच पाकट काढला आहे.