मग्नितोगोर्स्क: साडेसात महिने राहिल्यावर

मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गची प्रवासवर्णनं मराठीत भरपूर आहेत. उरल पर्वताच्या पूर्व उतारावरच्या या पोलादाच्या शहराबद्दल मात्र निघण्यापूर्वी मला मराठीत काहीच सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. सप्टेंबरअखेरीस गेलो आणि मेच्या मध्यावर परतलो. काम रोलिंग मिलच्या यंत्रांचं होतं. पण जाण्याची ओढ जुनी. माझं बालपण भिलाईतलं, बाबा तिथे ब्लास्ट फर्नेसवर होते. भिलाईचा कारखाना १९५५च्या करारानंतर सोव्हिएत मदतीने उभा राहिला, त्यामुळे 'मग्नीत्का' हे या शहराचं लाडकं नाव घरात लहानपणापासून ऐकलेलं.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. नदीकाठाने लांबच लांब पसरलेलं शहर, सारखे दिसणारे मजल्यांचे ठोकळे, आणि वारा पडला की घशात उतरणारा गंधकाचा वास. परदेशी माणसाला राहत्या पत्त्याची नोंदणी सात कामाच्या दिवसांत करावी लागते. ते कागद मध्यस्थाने लटकवून ठेवले, आणि मुदत संपत आली तेव्हा माझी झोप उडाली. दोनच दिवस राहून गेलो असतो, तर 'धुराचं गाव' एवढंच लिहिलं असतं.

शहर कळलं ते ट्राममुळे. उरल नदी इथे युरोप आणि आशियाची सीमा मानली जाते. कारखाना डाव्या तीरावर, म्हणजे आशियात. बहुतेक वस्ती उजव्या तीरावर, युरोपात. रोज सकाळी हजारो माणसं खंड ओलांडून कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. ट्रामचं जाळं मोठं आहे, तिकीट स्वस्त आहे, आणि कडाक्याच्या थंडीतही ती धावत असते. २जीआयएस हे नकाशाचं ॲप आधीच फोनवर घेऊन ठेवा, रशियन येत नसलं तरी निभावून जातं. पुलावर आलं की उजवीकडे-डावीकडे पाणी, समोर धुरांड्यांची रांग. पहिल्या महिन्यात मी फोनमध्ये डोकं घालून बसायचो. नंतर खिडकीची जागा मिळावी म्हणून एक ट्राम सोडून द्यायला लागलो.

डावा तीर बघितल्याशिवाय इथून जाऊ नका. १७४३ साली या भागात कोसॅकांचा, म्हणजे सीमा राखणाऱ्या लढवय्यांचा, छोटा किल्ला होता. आजचं शहर १९२९पासून उभं राहिलं, तेही मग्नितनाया डोंगरातल्या लोहखनिजासाठी. डोंगर आता बराचसा खणून संपलाय, खनिज आज मुख्यतः बाहेरून येतं. कारखान्याचा आराखडा करण्यात अमेरिकन कंपनी होती, आणि पहिल्या वस्तीच्या नियोजनासाठी जर्मन वास्तुरचनाकार एर्न्स्ट माय आला होता. त्या वस्तीतल्या काही इमारती अजून उभ्या आहेत, रंग उडालेल्या, पण मधली मोकळी जागा आणि झाडं बघून मला आमचं भिलाईतलं सेक्टर आठवलं. पहिली भट्टी १ फेब्रुवारी १९३२ला पेटली. भिलाईच्या पहिल्या भट्टीचं उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९चं. हे बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

या उभारणीची दुसरी बाजूही लपवू नये. घरदार हिसकावून आणलेली शेतकरी कुटुंबं इथल्या पहिल्या हिवाळ्यांत तंबूत आणि बराकीत राहिली, आणि कितीतरी माणसं त्यातच गेली. खालच्या मजल्यावरच्या आजींचे आईवडील त्यांतलेच. चहा पिताना एकदाच त्या हे बोलल्या, मग विषय बदलून मला जॅम वाढला.

सगळ्यात जास्त वेळा मी गेलो ते 'तिल–फ्रोन्तू' स्मारकाकडे, म्हणजे 'पिछाडीकडून आघाडीला'. १९७९ साली उभारलेलं हे शिल्प पंधरा मीटर उंच आहे. दुसऱ्या महायुद्धातला कामगार सैनिकाच्या हाती तलवार देतोय. कामगाराचं तोंड पूर्वेला, कारखान्याकडे, सैनिकाचं पश्चिमेला, शत्रूकडे. हीच तलवार व्होल्गोग्रादच्या 'मातृभूमी' पुतळ्याने उगारलीय आणि बर्लिनमधल्या सैनिकाच्या पुतळ्याने खाली टेकवलीय, अशी ही तीन शिल्पांची साखळी आहे. तलवार जिथे घडली, ते टोक कुणी बघायला येत नाही. संध्याकाळी या टेकाडावरून नदीपलीकडचा कारखाना उजळलेला दिसतो. तिथून काढलेली क्लिप बाबांना पाठवायचो. घड्याळ भारताच्या फक्त अर्धा तास मागे आहे, त्यामुळे त्यांचं जेवण आटोपलेलं असायचं आणि लगेच प्रश्न यायचा, "कुठली भट्टी रे ही?"

थंडीची धास्ती घेऊन गेलो होतो, ती अनाठायी निघाली. घरात रेडिएटर इतके तापलेले असतात की जानेवारीतही मी सुती सदऱ्यात वावरलो. बाहेर उणे तीसचे काही दिवस येतात, तेव्हा चांगले बूट हवेत. जॅकेटपेक्षा पैसे त्यांच्यावर घाला आणि तिथेच घ्या. खरा त्रास हवेचा. वारा नसलेल्या दिवशी धूर शहरावर बसून राहतो. दम्याचा त्रास असणाऱ्यांना मी इथे लांब मुक्काम करायला सांगणार नाही.

शाकाहारी माणसाचं जमतं, पण धडपड करावी लागते. स्तलोवाया म्हणजे साधी खानावळ, तिथे ग्रेच्का म्हणजे शिजवलेला कुट्टू, बटाटा, कोबी आणि बीटचं सॅलड हमखास मिळतं. ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात 'पोस्नोये' असं लिहिलेले पदार्थ बघा, त्यांत मांस, दूध, अंडं नसतं. मसाले घरून न्या.

पैशांचं आधी ठरवा. आपली व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, रोख न्यावी लागते.

शनिवार-रविवारी चाळीसेक किलोमीटरवरचं बान्नोये तळं, बश्कीर भाषेत याक्ती-कुल, किंवा स्कीसाठी अब्झाकोवो. आणि एक तरी आइस हॉकीचा सामना. इथल्या मेतालूर्ग संघाने २०१४, २०१६ आणि २०२४ साली गगारिन चषक, म्हणजे तिथल्या मुख्य हॉकी लीगचं विजेतेपद, जिंकलंय. गोल झाला की माझ्या शेजारचे पाळीवरून थेट आलेले काका मला मिठी मारायचे, नाव-गाव न विचारता.

फक्त फिरायला जाणाऱ्यांनी तीन दिवस ठेवावेत, आणि त्यातली एक सकाळ पाळी बदलण्याच्या वेळेला ट्रामसाठी. मी पुढच्या सप्टेंबरात परत जातोय. बाबांचा पासपोर्ट नव्याने काढायला दिलाय. पुलावरून पलीकडे त्यांना ट्रामनेच न्यायचं आहे, खिडकीच्या बाजूला बसवून.