फुकटच्या परमिटसाठी अडतीस हजार

गेले तीन महिने रविवारी सिंहगड चढताना माझ्या पाठीवर तांदळाच्या दोन पिशव्या, चार लिटर पाणी आणि एक जाडजूड शब्दकोश असतो. मिळून बारा किलो. अतकरवाडीच्या वाटेवर ताक विकणाऱ्या मावशी दर वेळी विचारतात, "ताई, वर तांदूळ मिळत नाही का?" सराव चालू आहे हे त्यांना सांगून झालंय, पण त्यांना माझं वेड कळलेलंच आहे.

सराव आहे आयल रॉयलचा. अमेरिकेत लेक सुपीरियर नावाचं समुद्रासारखं तळं आहे, त्यातलं हे बेट, तिथलं एक नॅशनल पार्क. साधारण ७२ किलोमीटर लांब आणि १४ किलोमीटर रुंद. रस्ते नाहीत, गाड्या नाहीत, चाकाची सायकलसुद्धा चालत नाही. आपलं घर पाठीवर घेऊन चालायचं आणि संध्याकाळी तंबू ठोकायचा. माझा भाचा समोरच्या किनाऱ्यावर हॉटन गावात शिकतो. "मावशी, ऑगस्टमध्ये ये, आपण दोघं पाच रात्री जाऊ," असं तो म्हणाला आणि मी त्याच दिवशी विमानाचे दर बघायला लागले. व्हिसा आधीचा होताच.

इथेच मी पहिली चूक केली. बाकीची तयारी मी करते, असं भाच्याला सांगून टाकलं. राजगड-तोरणा केलेली बाई, कात्रज ते सिंहगड रात्रीत चाललेली बाई, तिने एकावन्नाव्या वर्षी पोराला काय काय विचारत बसायचं? परीक्षेच्या दिवसांत त्याला त्रास नको, असं तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं. खरं कारण मान होतं.

ट्रेकच्या ग्रुपवर एकाने फलक टाकला होता: 'दुर्गम बेटांवरचं बॅकपॅकिंग, तयारी सत्र, फी ५०० रुपये.' डेक्कनला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खोली होती. प्रोजेक्टर होता, आणि पडद्याच्या डाव्या बाजूला ओलीने भिंतीचा पोपडा सुटला होता, नेमका गुजरातच्या नकाशासारखा. सत्र घेणारा तिशी-पस्तिशीचा, बोलायला गोड, हातात महागडं घड्याळ. त्या संध्याकाळी मला तो फार आवडला, हे कबूल करते.

कारण तो जे सांगत होता ते सगळं बरोबर होतं. या बेटावरच्या लांडग्यांचा आणि मूसचा अभ्यास १९५८ पासून अखंड चालू आहे, हे त्याने सांगितलं. लांडगे दोनवर आले होते, मग २०१८ पासून बाहेरून नवे आणून सोडले, हेही. मूस म्हणजे सांबराचा आजोबा, असं म्हणून त्याने सगळ्यांना हसवलं. १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बेट बंद असतं. पाण्यात एका पट्टकृमीची अंडी असू शकतात, ती क्लोरीनच्या गोळ्यांनी मरत नाहीत, म्हणून पाणी ०.४ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळायचं किंवा उकळायचं. मी वहीत लिहून घेतलं. घरी येऊन दोन-तीन गोष्टी शोधून बघितल्या, बरोबर निघाल्या. बरोबर निघाल्या म्हणून पुढचं शोधलंच नाही. चोवीस वर्षं सहकारी बँकेत काढली मी. 'अनोळखी व्यक्तीस पैसे पाठवू नका' हा फलक माझ्याच खुर्चीच्या मागे लावलेला आहे.

सत्रानंतर त्याने मला बाजूला घेतलं. "मॅडम, ऑगस्ट म्हणजे फुल सीझन. कॅम्पची परमिटं कोट्यावर असतात. आज सहाच्या आत केलं तर दोघांचं बसवतो." पाच रात्रींच्या कॅम्पसाइट आणि परमिटचे ३८,४०० रुपये. घड्याळात साडेपाच वाजले होते. मी तिथेच फोन काढला. यूपीआयवर नाव संस्थेचं आलं नाही, कुठल्यातरी बाईचं आलं. "आमच्या अकाउंटंट," तो म्हणाला. मी बोट टेकवलं.

दोन दिवसांनी पीडीएफ आला. वर अमेरिकेचा शिक्का, खाली माझं आणि भाच्याचं नाव. 'मॉस्की बेसिन, साइट क्रमांक ४, दोन रात्री.' ते प्रिंट काढून मी फ्रिजवर लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलंसुद्धा, ते आठवलं की आता कान गरम होतात.

मग साहित्य. फिल्टर, स्वयंपाकाच्या गॅसची दोन कॅनिस्टर, अस्वलासाठी फवारा आणि कसलीशी चमकदार चादर, सगळं मिळून १४,६००. महिन्याभराने बोटीच्या 'सीट हमी'चे आणखी ९,०००. तोवर मी इतकी आत गेले होते, की नऊ हजार म्हणजे चिल्लर वाटली.

संशय मला आलाच नाही. आला तो आमच्या ट्रेकमधल्या एका काकांना. सिंहगडाच्या वाटेवर मी कौतुकाने गॅसच्या कॅनिस्टरबद्दल सांगत होते. काका थांबले. "विमानात कसा नेणार? हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही. विकणाऱ्याला एवढं माहीत नाही?" मी त्याच्या वतीने भांडले, खरंच भांडले. पण घरी आल्यावर फिल्टर बाहेर काढला. खोक्यावर ०.१ मायक्रॉन छापलेलं, म्हणजे हवा होता त्याहून बारीक. आदल्या रात्री पाऊस झाला होता, सोसायटीच्या गेटपाशी डबक्यात तांबूस गढूळ पाणी साचलं होतं. ते बाटलीत भरून गाळलं. खालच्या भांड्यात आलं तेही तांबूसच, जरा फिकट. भाजी चिरायच्या सुरीने मी ते नळकांडं उघडलं. आत कापूस आणि कोळशाचे दाणे.

त्या रात्री भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. फ्रिजवरचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. आधी त्याला मी गंमत करतेय असंच वाटलं.

"मावशी, हे कुणी दिलं? सहापर्यंतच्या ग्रुपला परमिटचे पैसेच नसतात. आधी आरक्षणही नसतं. बेटावर पोचलो की रेंजरला आपला मार्ग सांगायचा, तो लिहून देतो. सात ते दहा माणसं असतील तरच आधी कळवावं लागतं."

"आणि साइट क्रमांक ४?"

"जो आधी पोचेल त्याची. आपल्यासाठी कोण राखून ठेवणार?"

पैसे लागतात ते माणशी दिवसाला ७ डॉलर प्रवेश फीचे, आणि ते पार्कच्या संकेतस्थळावर थेट भरता येतात. बोट हॉटनहून पार्क सेवेचीच जाते, सहा तास घेते. तिची तिकिटं त्यानेच आमच्या दोघांची कधीच काढून ठेवली होती, मला आश्चर्याचा धक्का द्यायला. मी घाबरत घाबरत अस्वलाच्या फवाऱ्याचं विचारलं. तो इतका हसला की फोन हातातून पडला. आयल रॉयलवर अस्वलं नाहीतच. कोल्हे आहेत, आणि रात्री तंबूबाहेर ठेवलेले बूट पळवतात. त्यावर फवारा नाही, बूट आत घ्यायचे.

हे सगळं पार्कच्या स्वतःच्या पानांवर, साध्या भाषेत लिहिलेलं आहे. सत्रातली लांडग्यांची, पाण्याची, तारखांची माहिती त्याने तिथूनच उचलली होती. परमिटचा मजकूर त्याच पानांवर होता, तेवढा त्याने वगळला. म्हणून सांगते, कुणी तुम्हाला एखाद्या जागेची नऊ गोष्टींची खरी माहिती दिली, तर दहावी, पैशाची, ती त्या जागेच्या मूळ संकेतस्थळावर जाऊन स्वतः वाचा. नेमका तिथेच आपला आळस होतो.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला तेव्हा रिंग झाली, उचलला नाही. दुपारी माझा नंबर ब्लॉक. डेक्कनच्या खोलीला कुलूप, खाली चहावाल्याने सांगितलं की खोली तासावर भाड्याने मिळते, कधी योगवर्ग, कधी विम्याची मिटिंग. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावला, पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि पावत्या, पीडीएफ, चॅट घेऊन सायबर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पैसे गेल्यावर किती तासांनी फोन केला?" पहिल्या रकमेला दोन महिने झाले होते. ती अन् साहित्याची रक्कम पुढे कुठे कुठे वळती झाली होती. शेवटचे ९,००० तेवढे एका खात्यात सापडले, ते होल्डवर आहेत. कधी सुटतील ते अजून कुणी सांगितलेलं नाही. एकूण गेले ६२,५००, त्यात सत्राची ५०० रुपये फी धरली आहे. ती मात्र मी वसूल धरते, माहिती खरी होती.

ऑगस्टचं जायचं ठरलेलंच आहे. फिल्टर आणि गॅस हॉटनच्या दुकानातून घेणार आहोत. कोळशाचे दाणे तुळशीच्या कुंडीत टाकले.

हे लिहिण्याचं कारण वेगळंच घडलं. काल एका मैत्रिणीने आमच्या दुसऱ्या ग्रुपवर फोटो पाठवला, "येतेस का?" म्हणून. सत्राचं नाव नवं, फोन नंबर नवा, बोलणाऱ्याची पाठ कॅमेऱ्याकडे. पडद्यावर बैकल सरोवरातलं ओल्खोन बेट. पडद्याच्या डाव्या बाजूला भिंतीवर गुजरात. सत्र येत्या रविवारी संध्याकाळी चार वाजता आहे, फी ५०० रुपये.