पायाच्या फुगलेल्या शिरा: लेसर करावं की आरएफ?

डॉपलरचा (शिरांतलं रक्त कुठे वाहतं ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट आला, जांघेतली शिरेची झडप नीट मिटत नाही असं कळलं आणि डॉक्टरांनी विचारलं, "लेसर करू या की आरएफ?" इथवर पोहोचलेल्या वडोदऱ्यातल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते: आजची चांगली यंत्रं असतील तर दोन्हींत उन्नीस-बीसचाच फरक आहे. जुन्या पद्धतीचं लेसर असेल, तर मात्र मी आरएफच निवडीन.

दोन्हीचं तत्त्व एकच. मांडीच्या आतून जाणाऱ्या लांब शिरेत गुडघ्याच्या आसपास सुईने शिरायचं, बारीक नळी जांघेपर्यंत सरकवायची आणि बाहेर ओढत ओढत शिरेची भिंत आतून तापवायची. शीर आकसून बंद होते आणि पुढच्या काही महिन्यांत शरीर ती जिरवून टाकतं. शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, ही भीती नको. ती शीर रक्त वर नेण्याऐवजी खाली सोडत होती. खरं काम खोलवरच्या शिरा करतात.

आरएफ म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, उच्च वारंवारतेच्या विजेने तापवणं. नळीच्या टोकाचा 7 सेंटीमीटरचा भाग 120 अंश सेल्सियसपर्यंत तापतो. डॉक्टर बटण दाबतात, पडद्यावर तापमान चढतं, 20 सेकंद उलटी गिनती होते आणि नळी पुढच्या टप्प्यावर येते. जांघेजवळच्या पहिल्या टप्प्याला बहुधा दोनदा उष्णता देतात. तापमान यंत्र स्वतः सांभाळतं, त्यामुळे हाताच्या वेगावर फार काही अवलंबून राहत नाही. मला ही मोठी जमेची बाजू वाटते.

लेसरमध्ये प्रकाशाचा धागा आत जातो. खोलीतल्या सगळ्यांना, पेशंटलासुद्धा, चष्मे लावतात. इथे कोणतं लेसर, हे विचारायलाच हवं. 810 किंवा 980 नॅनोमीटरच्या लेसरची ऊर्जा बरीचशी रक्तच शोषतं. टोक उघडं असलं तर भिंतीला बारीक भोकं पडू शकतात, मग मांडी काळी-निळी होते आणि दुखते. 1470 नॅनोमीटरची ऊर्जा भिंतीतलं पाणी शोषतं, आणि रेडियल धागा प्रकाश चहूबाजूंनी सारखा सोडतो. ही जोडी असेल तर दुखण्याच्या बाबतीत लेसर आरएफच्या जवळ येतं. "लेसर आहे" एवढ्या उत्तरावर उठू नका. नॅनोमीटर किती आणि धागा कोणता, हे विचारा.

डेन्मार्कमध्ये 500 रुग्णांवर झालेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर शीर पुन्हा उघडी सापडण्याचं प्रमाण लेसरमध्ये 5.8 टक्के, आरएफमध्ये 4.8 टक्के आणि फोमच्या (शीर बंद करणाऱ्या फेसाळ औषधाच्या) इंजेक्शनमध्ये 16.3 टक्के होतं. पहिल्या 10 दिवसांतलं दुखणं 10 पैकी लेसरला सरासरी 2.58 आणि आरएफला 1.21. त्यातलं लेसर उघड्या टोकाचं होतं, हे ध्यानात ठेवा. वाफेने आणि मायक्रोवेव्हनेही शिरा बंद करता येतात, पण त्यांचा अनुभव बराच कमी आहे, म्हणून त्यांच्या मागे लागू नये.

लक्षात राहतात त्या भुलेच्या सुया. सोनोग्राफीत बघत शिरेभोवती सलाइन, लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रेनलिनचं पाणी भरतात, मांडीभर टोचतं. पण या पाण्यामुळेच शीर नळीला चिकटते आणि कातडी व मज्जातंतू उष्णतेपासून दूर राहतात. घाई नको असलेली पायरी हीच. पोटरीत मज्जातंतू शिरेला अगदी लागून असतो, म्हणून गुडघ्याखाली किंवा मागच्या लहान शिरेत उष्णता वापरायची असेल तर बधिरपणाचा धोका किती, हे स्पष्ट विचारा. नागमोडी शिरेत नळी जात नाही. कातडीलगतच्या शिरेत भाजण्याचा आणि डाग राहण्याचा धोका असतो. तिथे फोम किंवा बारीक छेदातून शीर काढणं बरं. पोटरीवरच्या दिसणाऱ्या गाठीही लेसरने त्याच दिवशी जात नाहीत. त्यांचं वेगळं काय करणार, हे आधी ठरवून घ्या.

यंत्राहून महत्त्वाची आहे डॉपलर तपासणी. ती उभं करून व्हायला हवी: पोटरी दाबायची, सोडायची आणि रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं येतं का ते पाहायचं. आमच्या ओळखीच्या एका काकूंना एका ठिकाणी नुसतं झोपवून तपासलं. दुसरीकडे उभं करून पाहिल्यावर दोष निघाला तो मागच्या शिरेत. आधीच्या रिपोर्टवर ऑपरेशन झालं असतं तर भलतीच शीर बंद झाली असती.

वेळ निवडताना आपल्या गावाचा उन्हाळा आठवा. नंतर घट्ट मोजे घालावे लागतात आणि मे महिन्यात ते सहन होत नाहीत. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शनात मोजे 7 दिवसांहून जास्त नकोत असं म्हटलं आहे. तुमचे डॉक्टर महिनाभर सांगत असतील तर कारण विचारा. मधुमेह असेल तर आधी पावलातली नाडी तपासून घ्या, रक्तपुरवठा कमी असेल तर घट्ट मोजे घातक ठरतात. नऊ रात्री गरबा खेळायचा असेल तर निदान महिनाभर आधी किंवा सरळ दिवाळीनंतर करा. चालणं मात्र त्याच दिवसापासून सुरू करायचं.

पैशांचं म्हणाल तर आरएफची नळी साधारणपणे लेसरच्या धाग्याहून महाग पडते. दोन्ही एकदाच वापरायच्या असतात. पाकीट नवीन फोडलं का ते पाहा आणि त्यावरचा स्टिकर फाइलला लावून मागा. बऱ्याच विमा पॉलिसींत या आजाराला 2 वर्षं थांबावं लागतं, तेव्हा तारीख घेण्याआधी पॉलिसी वाचा. आणि आठवड्याच्या आत पुन्हा डॉपलर आहे का, तेही विचारा. बंद केलेल्या शिरेतली गुठळी खोलवरच्या शिरेकडे सरकली असेल तर ती त्यातच दिसते. मध्येच पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर त्या तारखेची वाट पाहू नका, तडक हॉस्पिटल गाठा.