जळालेल्या लॉजचं बुकिंग

बँकेतून निवृत्त झालो त्याला तीन वर्षं झाली. नोकरीतली शेवटची काही वर्षं काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला बजावायचो, ओटीपी सांगू नका, ओळखपाळख नसलेल्या खात्यात पैसे टाकू नका. आता माझेच २ लाख ३१ हजार गेलेत. कुणी ओटीपी मागितला नाही, कुणी लिंक पाठवली नाही. चष्मा लावून, खाते क्रमांक दोनदा ताडून, मीच पाठवले. घरात अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण लिहायला हवं.

मुलगा अमेरिकेत, ओहायोत असतो. आम्हा दोघांचा दहा वर्षांचा व्हिसा नातवाच्या जन्माच्या वेळचा. आमच्या लग्नाला ३५ वर्षं होतायत, म्हणून एप्रिलमध्ये सगळ्यांनी मिळून ग्रँड कॅन्यन बघायचं मी मनात घेतलं. आम्ही दोघं, मिरजेचे साडू आणि मेहुणी, मुलगा, सून, नातू, असे सात जण. खर्च माझा, आणि मुलाला आधी सांगायचं नाही. ग्रँड कॅन्यनच का, तर सांगलीचा माणूस नदी फुटांत मोजतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट, यावर आमचा पावसाळा चालतो. २०१९ला ५७ फुटांवर गेलं तेव्हा अर्धं गाव पाण्यात होतं. आणि तिकडं कोलोरॅडो नदीनं खडक कापत कापत ५ हजार फुटांहून खोल दरी केलीय, लांबी ४४६ किलोमीटर. हे एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं.

सप्टेंबरमध्ये फेसबुकवर अमेरिकेच्या टूरची जाहिरात दिसली. नंबर दिला, दहा मिनिटांत फोन. "काका, मी माधवनगरचाच. आता पुण्यात ऑफिस आहे." माधवनगर म्हणजे आमच्या सांगलीला लागूनच, संपलं की. पुढं पंधरा दिवस तो रोज बोलायचा. कृष्णेला पाणी किती आलंय विचारायचा, काकूंच्या गुडघ्याची चौकशी करायचा.

त्याचं बोलणं निम्मं खरं होतं, आणि मी फसलो ते त्या खऱ्या निम्म्यामुळं. तो म्हणाला, पार्कमधल्या लॉजचं बुकिंग तेरा महिने आधी उघडतं आणि खोल्या पटापट जातात. खरं आहे. दरीच्या तळाशी फँटम रँच आहे, तिथं राहायला लॉटरी लागते. तेही खरं. मी रात्री इंटरनेटवर बघायचो, त्याची गोष्ट जुळायची, माझा विश्वास एक पायरी वर चढायचा. मग म्हणाला, "दक्षिण कडा फुल आहे काका, पण आमच्याकडं उत्तर कड्यावरच्या ग्रँड कॅन्यन लॉजच्या तीन खोल्या धरून ठेवल्यात. गर्दी नाही, खिडकीतून दरी." तोवर माझा तपास थकला होता. हे मी तपासलं नाही.

घटस्थापनेला ५१ हजार दिले. दसऱ्याच्या मुहूर्तावर खोल्यांचे १ लाख १२ हजार. खातं कुठल्याशा ट्रेडर्सचं होतं. मी विचारलं, हो, विचारलं होतं. तर म्हणाला, "कंपनीच्या खात्यावर घेतलं तर परदेशी टूरचा ५ टक्के टीसीएस कापावा लागतो. तुमचे साडेअकरा हजार वाचवतोय." आता टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आपल्याकडून आधीच घेतलेला कर, हा काही बुडीत पैसा नव्हे, रिटर्न भरताना तो आपल्या करात वळता होतो. हे मी इतरांना समजावून सांगितलेलं आहे. पण साडेअकरा हजार वाचतायत म्हटल्यावर समोरच्या खात्याचं नाव मला दिसेनासं झालं.

आणि दर दोन दिवसांनी त्याची आठवण, "चिरंजीवांना सांगू नका हं काका, सरप्राइजची मजा जाईल." माझ्या हौसेची त्यानं मला कडी घातली. घरात अमेरिकेत राहणारा माणूस असून आम्ही त्यालाच विचारायचं टाळलं.

पाडव्याला तिसरा हप्ता, ६८ हजार. त्यात ड्रायव्हरसकट मोठी गाडी, काचेच्या स्कायवॉकची तिकिटं आणि सात जणांचे 'प्रवेश परमिट'. त्याच संध्याकाळी व्हाउचर आलं. रंगीत, वर दरीचा फोटो, खाली गोल शिक्का. मी मारुती रोडला जाऊन त्याचं लॅमिनेशन करून आणलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. व्हिडिओ कॉलवर हिच्या तोंडून निसटलं. म्हटलं आता लपवण्यात अर्थ नाही, आणि ते लॅमिनेट केलेलं व्हाउचर कॅमेऱ्यापुढं धरलं. सून वाचत गेली. मग म्हणाली, "बाबा, हे लॉज जुलैमध्येच जळलं ना."

मला वाटलं ती दुसऱ्या कुठल्या लॉजचं बोलतेय. नाही. जुलै २०२५ मध्ये उत्तर कड्यावर वीज पडून वणवा लागला, ड्रॅगन ब्राव्हो नावानं तो तिकडं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात ते लॉज खाक झालं. मी पैसे भरायला लागलो सप्टेंबरच्या शेवटी. म्हणजे दोन महिन्यांपूर्वी राख झालेल्या खोल्या मी मुहूर्त बघून बुक केल्या होत्या.

मग सून एकेक ओळ वाचत गेली आणि मी ऐकत राहिलो. व्हाउचरवर तारीख २५ एप्रिल. उत्तर कडा ८ हजार फुटांवर, हिवाळाभर बर्फ, तिथली राहायची सोय एरवीही मे महिन्याच्या मध्यावर सुरू व्हायची. स्कायवॉक म्हणे 'लॉजपासून चालत'. तो राष्ट्रीय उद्यानात येतच नाही, हुआलापाई आदिवासींच्या जमिनीवर आहे, तिकीट वेगळं, दक्षिण कड्यावरून निघालं तरी गाडीनं चारेक तास. दोन्ही कडे समोरासमोर, पक्ष्याला सोळा-सतरा किलोमीटर, गाडीला मात्र वळसा घालून साडेतीनशे. परमिटचं तर विचारूच नका. पार्कात जायला गाडीमागं ३५ डॉलर, सात दिवस चालतात, आणि ते गेटवरच भरता येतात. (१ जानेवारी २०२६पासून परदेशी पाहुण्यांना, १६ वर्षं आणि त्यावरच्या, माणशी आणखी १०० डॉलर आहेत. हे कुणी 'परमिट' म्हणून तुमच्या गळ्यात मारायच्या आत एनपीएस डॉट गव्ह ही उद्यानांची सरकारी वेबसाइट बघा.)

रात्री मी पावती काढून बसलो. पत्ता पुण्याचा आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०७. महाराष्ट्राचा क्रमांक २७नं सुरू होतो, ०७ दिल्लीचा. ही पावती महिनाभर माझ्याकडं होती. जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकला तर निघालं एक कापड दुकान. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल.

इथं मी दुसरी चूक केली, आणि माझ्या लेखी ती पहिलीपेक्षा मोठी. सायबर फसवणुकीची तक्रार करायचा १९३० हा नंबर मला पाठ होता. शाखेच्या भिंतीवर त्याचं पोस्टर मीच लावलेलं. पण चार दिवस फोन केला नाही. बँकेतला माणूस फसला, गावभर होणार, जुने सहकारी काय म्हणतील, हेच डोक्यात. शिवाय त्याला फोन लावत बसलो, गयावया केली, तो "रिफंड प्रोसेसला टाकलाय काका" म्हणत राहिला. सोमवारी २७ तारखेला शेवटी १९३० लावला. समोरच्या बाईंनी आधी काय विचारलं असेल तर प्रत्येक हप्त्याचा यूटीआर, म्हणजे बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, आणि वेळ. पाडव्याचे ६८ हजार तोवर त्या खात्यातून पुढं चार खात्यांत गेले होते. गोठले ते ९,२००. भाऊबीजेच्या रात्रीच फोन केला असता तर किती हाती लागले असते हे मला कुणी सांगू शकत नाही, आणि मी विचारतही नाही.

तक्रार नोंदवून आठवडाही झाला नसेल, एक फोन आला. 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम मंजूर झालीय, चार हजार प्रोसेसिंग भरा.' माझी रक्कम त्याला रुपयासह माहीत होती. हे असले फोन येणारच, धरून चाला. या वेळी मात्र मी फोन ठेवला आणि सांगलीच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन विचारलं. तिथून कुणीही फोन केला नव्हता.

ही मला एका शब्दानं बोलली नाही. फक्त दिवाळी सरल्यावर एकदा चकल्यांचा डबा झाकताना म्हणाली, "मला तेव्हाच जरा वाटलं होतं. तो म्हणाला, काकू, सांगलीचा भेळभत्ता पाठवा एकदा. माधवनगरचा माणूस भडंगाला भेळभत्ता म्हणेल होय?"

मग बोलली का नाहीस, म्हटलं. तर म्हणे, "तुम्ही किती खुशीत होता."

गोठलेल्या ९,२००साठी कोर्टात अर्ज दिलाय, तारीख पुढं गेलीय. तिकडचं बुकिंग आता सुनेनं केलंय, दक्षिण कड्याबाहेरच्या तुसायान गावात, मे महिन्यातलं. कन्फर्मेशन आलं तसं मला पाठवलं, मी त्या हॉटेलला फोन लावून नावं तपासली, आणि सून त्यावर हसली नाही. माझ्याकडं एकच काम आहे, भडंगाची सहा पाकिटं आणायची.