लाँग, अल्बर्ट की सँडर्स? इंग्रजीच्या प्रवेश परीक्षेसाठी इतिहासाचं पुस्तक निवडताना

सीयूईटी-पीजीला, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला, इंग्रजीचा पेपर द्यायचा म्हटलं, की बीएच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: साहित्येतिहासाचं कोणतं पुस्तक घेऊ? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे बीएला शेक्सपिअरचं एखादं नाटक, एखादी कादंबरी आणि काही कविता नेमलेल्या असतात. त्या मन लावून वाचल्या तरी ड्रायडन आधी की पोप, नाट्यगृहं १६४२ मध्ये का बंद झाली आणि १६६० नंतर उघडली तेव्हा नाटक कसं बदललेलं होतं, हे धागे जुळत नाहीत. जेएनयू, दिल्ली, हैदराबाद, बनारस इथल्या एमएसाठी द्यायच्या या परीक्षेत मात्र क्रम लावा, जोड्या जुळवा अशा प्रश्नांतून हेच धागे तपासले जातात.

पुस्तक निवडण्याआधी पेपरचं गणित पाहून घ्या. २०२५ च्या परीक्षेत ९० मिनिटांत ७५ प्रश्न होते. बरोबर उत्तराला ४ गुण मिळत आणि चुकलं तर १ गुण जाई. चार पर्यायांपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर उरलेल्या दोनांतून अंदाजाने निवडलं तरी सरासरी दीड गुण पदरात पडतो. क्रम लावायच्या प्रश्नात सगळ्यात जुनी कलाकृती आणि सगळ्यात अलीकडची, एवढं पक्कं माहीत असलं की बहुतेक वेळा दोन पर्याय गळतात. म्हणजे प्रत्येक सन पाठ असण्यापेक्षा कोण कोणाच्या आधी, हा सांगाडा डोक्यात घट्ट बसणं जास्त उपयोगाचं. तो सांगाडा कोणतं पुस्तक बसवून देतं, यावर मी लाँग, अल्बर्ट आणि सँडर्स यांची इंग्रजी साहित्येतिहासाची ही तीन पुस्तकं तोलतो आहे.

विल्यम जे. लाँग

हे पुस्तक १९०९ चं. लेखक अमेरिकन, भाषा सोपी, वाक्यं छोटी, सांगण्याची पद्धत गोष्टीवेल्हाळ. मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजी गद्याची सलग दहा पानं वाचताना अजून दमणाऱ्या विद्यार्थ्याला हे पहिलं पुस्तक म्हणून मी निःशंकपणे सुचवेन. स्वामित्वहक्क संपल्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते फुकट मिळतं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सारांश, स्वाध्यायाचे प्रश्न आणि एक कालपट आहे: एका बाजूला राजकीय घटना, दुसऱ्या बाजूला साहित्य. परीक्षेसाठी पुस्तकातली सगळ्यात मोलाची पानं तीच.

पण लाँग व्हिक्टोरियन काळापाशी थांबतो. विसाव्या शतकातले एलियट, जॉइस, वुल्फ, ऑडेन यांतलं कोणीच त्यात नाही. आणि जे आहे त्यावरची मतं १९०९ ची आहेत.

एडवर्ड अल्बर्ट

मूळ पुस्तक १९२३ चं, पण घ्यायची ती जे. ए. स्टोन यांनी सुधारलेली १९७९ ची पाचवी आवृत्ती. अल्बर्ट वाचायला रंगतदार नाही, हे आधीच सांगतो. त्याची ताकद मांडणीत आहे. प्रत्येक प्रकरणात आधी त्या काळाची ऐतिहासिक पार्श्वभूमी, मग साहित्याची ठळक वैशिष्ट्यं, मग एकेक लेखक, आणि शेवटी कविता, नाटक, गद्य या प्रकारांची त्या काळात कशी वाढ झाली याचा आढावा. लेखकाच्या भागात आधी आयुष्य, मग कृती, मग शैली. पुस्तकांच्या नावांपुढे कंसात वर्ष. ही शिस्त कंटाळवाणी वाटते खरी, पण तीच वहीत उतरवली की उजळणीच्या नोंदी आपोआप तयार होतात. जोड्या जुळवायच्या प्रश्नांना लागणारी माहिती इतकी हाताशी ठेवलेली मला दुसऱ्या कुठल्या एकखंडी इतिहासात दिसलेली नाही.

उणीव ही, की अर्ध्या शतकापूर्वीची आवृत्ती असल्यामुळे अलीकडचं साहित्य त्यात नाही, आणि कृतींबद्दलचं विवेचन बरेचदा विशेषणांवर भागवलेलं आहे.

अँड्र्यू सँडर्स

ऑक्सफर्डचा हा इतिहास १९९४ चा, तिसरी आवृत्ती २००४ ची. नावात 'शॉर्ट' असलं तरी पानं सातशेच्या वर. तिघांत खऱ्या अर्थाने समीक्षकाने लिहिलेला इतिहास हाच. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या 'पोएट्स कॉर्नर'पासून, म्हणजे लेखकांच्या समाधी-स्मारकांच्या कोपऱ्यापासून, तो सुरू होतो आणि थोर लेखकांची यादी मुळात कशी घडत गेली, हाच प्रश्न आधी विचारतो. रेस्टोरेशन काळातल्या (१६६० नंतरच्या) स्त्रियांच्या लेखनाला त्यात स्वतंत्र विभाग आहे. एमएच्या वर्गात जी भाषा बोलली जाते ती इथे कानावर पडते.

परीक्षेच्या दृष्टीने अडचण अशी, की वाक्यं लांब आहेत, माहिती विवेचनात विरघळलेली आहे आणि शेवटच्या घाईत पटकन एखादं वर्ष शोधायला हे पुस्तक सोयीचं नाही.

एकाच कवीवर तिघांची परीक्षा

दुकानात उभ्या उभ्या निवड करायची असेल, तर तिन्हींत जॉन डनची पानं काढा. लाँगला डन विक्षिप्त आणि ओबडधोबड वाटतो. त्याची कविता दुसऱ्याला वाचायला सुचवावी असं फारच थोड्या समीक्षकांना वाटेल, अशा अर्थाचं तो लिहितो. यात लाँगचा दोष नाही. ग्रिअर्सन या समीक्षकाचं मेटाफिजिकल कवींचं (डन आणि त्याच्या वळणाच्या सतराव्या शतकातल्या कवींचं) संकलन आणि त्यावरचा एलियटचा प्रसिद्ध लेख हे दोन्ही १९२१ चे. डनची प्रतिष्ठा त्यानंतर वाढली. सुधारलेला अल्बर्ट ती प्रतिष्ठा मान्य करून वैशिष्ट्यं मुद्देसूद सांगतो. सँडर्स वाचून मात्र डनची कविता काढून बघावीशी वाटते. ज्याला निव्वळ लाँगवर परीक्षा द्यायची आहे त्याने एवढं लक्षात ठेवावं: पेपर काढणारे एलियटच्या नंतरचे आहेत.

मग घ्यावं कोणतं?

माझा कौल अल्बर्टला. परीक्षा साधारण मार्चमध्ये होते, त्याच सुमारास शेवटच्या सत्राचा अभ्यासही अंगावर असतो. दिवाळीपासून धरलं तर हातात चार-पाच महिने राहतात. तेवढ्यात अल्बर्ट एकदा पूर्ण आणि एकदा वहीवरून असा दोनदा होतो. सँडर्स होत नाही. अर्धा राहिलेला सँडर्स म्हणजे अठराव्या शतकापर्यंत पक्की आणि पुढे कोरी वही. पूर्ण वर्ष हाताशी असेल आणि वाचनाचा सराव असेल, तर मात्र सँडर्सच घ्या आणि कालपटापुरता लाँग जोडीला ठेवा. अल्बर्टच्या जुन्या प्रती पुण्यात अप्पा बळवंत चौकात बघाव्यात, पण आतलं पान उलटून आवृत्ती तपासूनच पैसे द्यावेत.

बाजारातले प्रश्नसंच सरावाला घ्या, माहितीला नको. सनांच्या बाबतीत ते फार बेफिकीर असतात, आणि सनांत खाचा पुष्कळ आहेत. हॉपकिन्स १८८९ मध्ये वारला, पण त्याच्या कविता पुस्तकरूपाने १९१८ मध्ये आल्या. वर्ड्सवर्थच्या 'प्रिल्यूड'चा एक पूर्ण खर्डा १८०५ मध्ये तयार होता, छापलं गेलं १८५० मध्ये. सिडनीचा काव्यविषयक निबंध त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १५९५ मध्ये छापला गेला. म्हणून वहीत दोन रकाने करा, एक लेखनाचा, एक प्रकाशनाचा. प्रश्नात कोणता शब्द वापरला आहे तो वाचूनच उत्तर द्या.

तिघांतही जे नाही

साहित्यसंज्ञांसाठी एब्रम्सचा कोश आणि सिद्धान्तांसाठी पीटर बॅरीचं पुस्तक लागेलच; त्याला पर्याय शोधत बसू नका. भारतीय इंग्रजी साहित्य या तिन्ही पुस्तकांच्या कक्षेबाहेर आहे. त्यासाठी साहित्य अकादेमीने १९८२ मध्ये काढलेला एम. के. नाईक यांचा इतिहास पुरेसा सुटसुटीत आहे.

इथे मराठी मुलांनी एकही गुण सोडू नये असं मला मनापासून वाटतं. अरुण कोलटकरांचं 'जेजुरी' १९७६ मध्ये इंग्रजीत आलं, १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' आणि नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा', दोन्ही १९७२ ची. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं. ही मराठी पुस्तकं बाकीच्या परीक्षार्थींना अनुवादातून किंवा नोट्समधून कळतात. तुम्ही ती मुळातून वाचू शकता. फक्त वहीत मराठी वर्षाशेजारी इंग्रजी अनुवादाचं वर्षही लिहा. 'बलुतं'चा जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१५ चा आहे, आणि क्रम लावायच्या प्रश्नात या सदतीस वर्षांनी उत्तर बदलतं.