शपथपत्र वाचून दाखवणारं झेरॉक्सचं दुकान

तहसीलच्या रस्त्यावरचं हे दुकान सातबारा, पीकविमा, आधारच्या कामासाठी सगळ्यांच्या ओळखीचं आहे. निवडणूक लागली की तिथं आणखी एक काम होतं. उमेदवाराचं शपथपत्र आयोगाच्या साइटवरून काढून देतात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचूनही दाखवतात. पैसे फक्त छपाईचे.

मला एका अपक्षाचं पाहिजे होतं. माणूस जुन्या वळणाचा. एकत्र कुटुंब, गोठ्यात गाय, तिन्हीसांजेला सामुदायिक प्रार्थना, बाईनं उंबरठा सांभाळावा, आणि दारूबंदी. आमचा वर्धा जिल्हा १९७०च्या दशकापासून कोरडा, निदान कागदावर. चंद्रपूरची २०१५ची बंदी २०२१मध्ये उठली, तेव्हापासून आमच्या बचत गटातल्या बाया धास्तावल्या आहेत. म्हणून त्याचं भाषण आम्ही कान देऊन ऐकत होतो. "सरकारनं लोकांना हात पसरायला शिकवलं" हे मात्र मला खुपायचं. कापसाला भाव मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे.

दुकानातल्या पोरानं नमुना २६, म्हणजे शपथपत्राचा ठरलेला फॉर्म, काढला. "काकू, आधी केसेस पायता का जमीन?"

केसेस निरंक. शिक्षण बारावी. सभेत "मी साधा शेतकरी", इथं वडिलोपार्जित शेतीसोबत ले-आउटमधले प्लॉट. पीककर्ज बाकी आहे, तेही लिहिलेलं. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या रकान्यात "लागू नाही". माझी जाऊ हसली, "मंग एकत्र कुटुंब कुठी गेलं वं बाई?" पोरानं समजावून सांगितलं की तो रकाना आयकरापुरता असतो, एका चुलीवर राहण्याशी त्याचा संबंध नाही. असं सांगायची त्याला काही गरज नव्हती. मागच्या खोलीत याच अपक्षाच्या विरोधकाची पत्रकं निघत होती. दुकानाला मी पूर्ण गुण देते ते यासाठी.

पुढं बायकोचं पान. तिच्या नावावर कृषी केंद्र, आणि पाच वर्षांचं उत्पन्न पाहिलं तर दरवर्षी नवऱ्यापेक्षा जास्त. यावर पोरगा काही बोलला नाही. आम्ही बोललो, भरपूर. उंबरठा सांभाळणारी बाई बियाणं, खतं आणि उधारीच्या वह्याही सांभाळते, मग भाषणात तिचं नाव का नाही? तिचा धंदा त्यानं लपवला नाही हेही खरं. पण लपवून चालतही नाही. रकाना कोरा ठेवता येत नाही, खोटं लिहिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, हे दुकानातल्या पाटीवरच लिहिलं आहे. सुप्रीम कोर्टाच्या २००२च्या निकालामुळे हा कागद आपल्या हाती येतो, तेही पाटीवर आहे.

उणं काय? बाक एकच. नोटरीच्या शिक्क्याचं पान इतकं फिकट येतं की नाव लागत नाही. पोरगा वाचतो खणखणीत आवाजात, म्हणजे आपण कोणाचा कागद मागितला हे सगळ्या रांगेला कळतं. बायांनी दुपारी जावं, तेव्हा गर्दी नसते. बाजाराच्या दिवशी तर जाऊच नका. आणि लाइन गेली की काम बंद, इन्व्हर्टर फक्त पंख्याला जोडलेला आहे.