पंखा बदलला आणि बिल गिअर सेटचं लावलं

नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर चालणाऱ्या एका छोट्या बोटीच्या मालकाला या हंगामात 31,000 रुपयांना लुटलं गेलं. मशीन 15 हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. तक्रार एवढीच होती की हळू चालवलं की बोट नीट जाते, पण थ्रॉटल वाढवला की मशीन नुसतं रेस घेतं आणि बोट काही ओढत नाही. मेकॅनिकने काठावर उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "क्राउन-पिनियन गेलंय, मशीन न्यावं लागेल," म्हणजे पंखा फिरवणारे गिअर गेले. आठ दिवसांनी मशीन परत आलं, बोटही ओढायला लागली. बिलावर गिअर सेट, बेअरिंग, ऑइल सील आणि मजुरी.

गिअरबॉक्स उघडलाच नव्हता. तो सुटा करायचा तर बोल्ट काढावेच लागतात, आणि इथे बोल्टच्या डोक्यांवर पाण्यातल्या चुन्याचा जुना पांढरा थर तसाच होता, पाना लागल्याचा एक ओरखडाही नव्हता. तळाचा तेलाचा स्क्रू काढला तर काळं, जुनं तेल निघालं. बदलला होता फक्त पाण्यात फिरून बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर), तोही दुसऱ्या कुठल्या तरी बोटीवरून उतरवलेला.

खरा बिघाड पंख्याच्या पोटात होता. शाफ्टवर बसणारी दातेरी पितळी नळी आणि पंख्याचं बाहेरचं अंग यांच्यामध्ये रबराचा बुश दाबून बसवलेला असतो. पंखा दगडावर आपटला की हा बुश घसरतो आणि गिअर वाचतात, त्याचं कामच ते आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की खडक आणि झाडांचे बुंधे वर येतात, तेव्हा असे फटके हमखास बसतात. एकदा सैल झालेला बुश कमी जोरात पकडतो आणि जास्त जोरात घसरतो. लक्षण अगदी गिअर गेल्यासारखंच, म्हणून फसवायला सोपं.

मशीन कोणाच्याही टेम्पोत चढवण्याआधी एक गोष्ट कराच. मशीन बंद करून वर उचला, प्लगच्या वायरी काढा. पंख्याच्या मागच्या तोंडावर आतली नळी, रबर आणि बाहेरचं अंग अशी तिन्हींवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. रंग वाळू द्या, वायरी लावा, पाण्यात दोन-तीन मिनिटं फुल थ्रॉटल द्या आणि पुन्हा पाहा. रेघ तुटून सरकली असेल तर बुश गेला. कॉटर पिन, नट, वॉशर काढून पंखा बदलायला दहा मिनिटं लागतात. दुसरा पंखा जवळ नसेल तर हळू चालवत काठाला या. गिअर खरंच गेले असतील तर सहसा खडखड येते, गिअर सुटतो आणि तेलात धातूचे कण दिसतात. रेघ जागेवर आहे, पण रेस फक्त वळताना किंवा पुढे वजन जास्त झाल्यावर चढते, तर पंखा हवा ओढतोय. पंख्याच्या वर मशीनला असलेली आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा फार तर इंचभर खाली हवी.

मेकॅनिकने पिंपात चालवलेल्या मशीनचा व्हिडिओ मशीन दुरुस्त झाल्याचा पुरावा म्हणून धरू नका. पिंपात पंख्यावर बोटीचा भार नसतो, घसरणारा बुशही तिथे गुमान फिरतो.

बदलून मिळालेल्या पंख्यावरचे आकडे वाचा. शेवटचा आकडा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकायला हवा ते. या बोटीला 10 चा होता, बसवला 8 चा. एक इंच पिच कमी झाला की फुल थ्रॉटलला इंजिनचे साधारण 200 आरपीएम (मिनिटाला फेरे) वाढतात. बोट उचल छान घेते, मालक खूश होतो आणि इंजिन ठरलेल्या मर्यादेबाहेर फिरून झिजत राहतं. या सगळ्या प्रकारातली सर्वात वाईट गोष्ट हीच, कारण नुकसान पुढच्या हंगामात दिसतं.

बोट ताकद कमी घेते म्हटलं की "पिस्टन-रिंग गेल्या, बोअर करू" (सिलिंडर आतून कापून मोठा करू) हेही ऐकायला मिळेल. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर आहे, किनाऱ्यापेक्षा इथे पाच-सहा टक्के ताकद कमी मिळणारच. त्यासाठी बोअर लागत नाही. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावून दोरी चार-पाच वेळा ओढा. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांच्या आत फरक असेल आणि आकडा कंपनीच्या पुस्तकाशी जुळत असेल तर इंजिन उघडू देऊ नका.

गिअरबॉक्सचं तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारं ऑइल सील मात्र आपल्याकडे खरोखर जातं. जाळ्याचा नायलॉन दोरा पंखा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये शाफ्टला गुंडाळतो, सील कापतो, पाणी आत शिरतं आणि तेल दुधाळ होतं. तेल तुमच्यासमोर काढायला लावा. दुधाळ नसेल तर त्या सीलचे पैसे देऊ नका.

काम देताना चिठ्ठीवर मशीनचा सीरियल नंबर आणि "जुने भाग परत द्यायचे" हे लिहून सही घ्या. फसलाच असाल तर बोल्टचे आणि तेलाचे फोटो आधी काढा, मगच पाना लावा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. बोट स्वतः चालवून त्यावरच पोट भरणाराही या कायद्यात ग्राहकच धरला जातो.